ताशी १६० किलोमीटरची आरसी कार: बॉडी घरी घडवताना

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलची कार ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे न्यायची ठरली की मोटर, बॅटरी आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांवर महिनाभर खल होतो. बॉडी मात्र शेवटच्या दिवशी आणलेली, पातळ लेक्सनची (पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची), चार क्लिपांवर अडकवलेली. मग गाडी वेग घेते, नाक किंचित उचललं जातं आणि पुढच्या क्षणी ती पतंगासारखी हवेत असते. मोटर कमी पडली म्हणून गाडी हळू धावते, पण बॉडी चुकली तर गाडी घरी पिशवीतून आणावी लागते. म्हणून बॉडी बनवताना पहिलं काम नाक खाली धरून ठेवायचं, आणि हवेचा अडथळा कमी करायचं काम दुसरं. हा क्रम उलटा लावला की दिसायला देखणी आणि पळायला घातक वस्तू तयार होते.

इथलं सगळं माप १/१० आकाराच्या चारचाकी ड्राइव्हच्या ऑन-रोड चॅसीसाठी आहे: व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) २५७ मिमी, टायरांसकट रुंदी १९० मिमी, टायर साधारण ६२ मिमी व्यासाचे, पळायला तयार गाडीचं वजन २.८ किलोच्या आसपास. तुमची चॅसी १/८ किंवा १/७ असेल तर मापं वाढवा, कोन तेच ठेवा.

आधी थोडा हिशेब

हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. शंभरवरून १६० वर जायचं तर हवेसाठी लागणारी ताकद चौपट होते. गोव्याच्या तीस अंशांच्या हवेत ताशी १६० ला समोरून येणारा दाब साधारण ११४५ पास्कल. समोरून दिसणारं क्षेत्रफळ ०.०१९ चौरस मीटर आणि ड्रॅगचा (हवेच्या अडथळ्याचा) गुणांक ०.३५ धरला तर हवा सुमारे ३४० वॉट खाते. त्याच चॅसीवर उंच, खालून उघडी, खोक्यासारखी बॉडी घातली, क्षेत्रफळ ०.०२४ आणि गुणांक ०.६ धरला, की हाच आकडा ७३० वॉटपर्यंत जातो.

पण घाबरायचं ते दुसऱ्या आकड्याला. वरून पाहिलं तर बॉडीचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटरच्या थोडं वर. नाक उचलून खाली हवा कोंडली आणि तिचा पूर्ण दाब तळाला बसला, तर साधारण १२ किलोचा धक्का खालून वर लागतो. गाडी २.८ किलोची. म्हणजे त्या दाबाचा चौथा हिस्सा बसला तरी चारही चाकं रस्ता सोडतात. २०१४ साली अमेरिकेतल्या निक केस यांच्या गाडीने ताशी ३२५.१२ किलोमीटर गाठले. त्या वेगाला हाच दाब चौपटीहून जास्त होतो. अशा गाड्या बसक्या आणि जमिनीला टेकलेल्या का दिसतात, ते यावरून कळेल.

आकार ठरवणं

पूर्ण मापाचा कागद घ्या आणि बाजूचं चित्र काढा. एकूण लांबी ५३० मिमी. पुढच्या ॲक्सलपुढे ९५, मागच्या ॲक्सलमागे १७८. रुंदी २०६. टायरांच्या दोन्ही बाजूंना ८-८ मिमी सुटतात, त्यात बॉडीची जाडी गेली. एवढी जागा वळणाऱ्या चाकाला पुरेल, पण ट्रान्समीटरवर स्टीअरिंग दोन्हीकडे दहा अंशांवर बांधून टाकायचं. सरळ पळणाऱ्या गाडीला याहून जास्त लागत नाही.

बाजूच्या झिजत्या पट्ट्या सोडल्या तर नाकाची खालची कड हा सगळ्या बॉडीतला सर्वांत खालचा बिंदू हवा. उभ्या गाडीत जमिनीपासून ५ मिमी. चॅसीची मागची बाजू पुढच्यापेक्षा १ ते १.५ मिमी उंच ठेवायची. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: थ्रॉटल दिला की गाडी मागे बसते आणि नाक वर येतं, म्हणजे टेबलावर मोजलेलं माप पळताना उरत नाही. म्हणून मागच्या स्प्रिंग कडक, आणि पुढच्या सस्पेन्शनचा ड्रूप स्क्रू फिरवून चाक खाली लोंबण्याची मुभा जेमतेम १ मिमी ठेवायची. हे न करता कितीही सुंदर नाक बनवलं तरी ते नाक आभाळाकडेच बघणार.

नाकापासून वरची रेघ १२ ते १५ अंशांनी चढू द्या. सर्वांत उंच जागा, १०८ मिमी, नाकापासून २३० मिमीवर. त्याच्या मागे रेघ सरासरी नऊ अंशांनी उतरते आणि शेपटीला वरची कड ६० मिमीवर येते. बारा अंशांच्या पुढे गेलात तर हवा छत सोडून देते आणि मागे भोवरे ओढत नेते. एवढ्या लांबीत शेपूट टोकदार होणं शक्य नाही, आणि गरजही नाही. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलेली युक्ती वापरा: शेपूट सरळ कापून टाका. कापलेली कड मात्र धारदार ठेवा. गोल केली की हवा त्या गोलाईवरून खाली वळायला जाते आणि शेपटीला वर ओढते. फिनिशिंग करताना हात आपसूक कडा गोल करतो; मूर्तीच्या चित्रशाळेत ते बरोबर, इथे नाही.

पूर्ण रुंदीत १०८ मिमी उंची नको. चाकांवरचा भाग ७५ मिमीपर्यंत पुरतो, मधला ११० मिमी रुंदीचा उंचवटा फक्त शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर धरणारे उभे आधार) आणि बॅटरीसाठी. शॉक टॉवर कापून बुटके केले तर तोही दहा मिमी खाली येतो. मागच्या चाकांनंतरचे शेवटचे १४० मिमी दोन्ही बाजूंनी १२-१२ मिमी आत घ्या.

तळ सपाट. चॅसी प्लेटमधले स्क्रूचे खळगे आणि खिडक्या टेपने बंद करायच्या. मागच्या ॲक्सलनंतर १२० मिमी लांबीचा डिफ्यूझर, म्हणजे तळाचा मागे चढत जाणारा भाग, सात अंशांनी वर जाऊ द्या, म्हणजे टोकाला १५ मिमी चढ येतो. शर्यतीच्या मोठ्या गाड्यांचे फोटो बघून पंधरा अंशांचे डिफ्यूझर लावू नका. त्या गाड्यांच्या तळातून जेवढी हवा जाते तेवढी आपल्या ५ मिमीच्या फटीतून जात नाही.

मागचा पंख ही आणखी एक हौस. शेपटीवर १ किलोचा दाब बसवला तर मागची चाकं रस्त्याला घट्ट बसतात हे खरं, पण तो दाब मागच्या ॲक्सलच्या १७८ मिमी मागे असल्याने तरफेसारखा पुढचा भाग उचलतो. १७८ ला २५७ ने भागा: पुढच्या चाकांवरचं जवळजवळ ७०० ग्रॅम वजन गेलं. त्यामुळे शेपटीच्या कडेवर ८ मिमीची उभी पट्टी, बस्स. आधी नाक बसू द्या.

पंखापेक्षा उभ्या कल्ल्यांचा उपयोग जास्त. बाण सरळ जातो तो मागच्या पिसांमुळे. वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो ती जागा गाडीच्या वजनाच्या केंद्रामागे हवी. याची घरगुती परीक्षा अशी: बॉडीचं बाजूचं चित्र, कल्ल्यांसकट, जाड पुठ्ठ्यावर कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला. पुठ्ठा जिथे तोलला जातो ती जागा गाडीच्या वजनाच्या केंद्राच्या किमान ५० मिमी मागे आली पाहिजे. हवेत खरं केंद्र पुठ्ठ्याने दाखवलेल्या जागेच्या पुढे सरकतं, म्हणून इतकी सूट. कमी पडलं तर शेपटीला दोन्ही बाजूंना १३० मिमी लांब, ४५ मिमी उंच कल्ले वाढवा, किंवा नाकात ५०-१०० ग्रॅम शिसं बसवा. शिशाने वजनाचं केंद्र पुढे येतं आणि नाकही खाली बसतं.

सामान

काम तीन टप्प्यांचं: प्लग म्हणजे बॉडीचा भरीव नमुना, त्यावरून साचा, आणि साच्यात शेल म्हणजे खरी बॉडी. प्लगसाठी एक्सपीएस (दाट फोमचा) इन्सुलेशन बोर्ड, ५० मिमी जाडीचा. साधा पांढरा थर्मोकोल नको, घासताना त्याचे दाणे सुटतात. ४ मिमी प्लायवूड, बेससाठी १८ मिमीचा सपाट बोर्ड. लॅमिनेटिंग इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर मिळून १ किलो, पॉलिस्टर रेझिन २ किलो, जेलकोट (साच्याचा गुळगुळीत पहिला थर) ५०० ग्रॅम, ३०० आणि ४५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचधाग्यांच्या तुकड्यांचं मॅट, २०० जीएसएमचं विणलेलं ग्लास क्लॉथ दीड मीटर, १०० जीएसएमचं अर्धा मीटर. कार्नौबा मेण, पीव्हीए रिलीज (साचा सुटावा म्हणून लावायचा थर), मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड), गाड्यांच्या पेंटरकडची पॉलिस्टर पुट्टी, ८० पासून १००० पर्यंतचे वॉटर पेपर.

रेझिन आणि मॅट शोधत हॉबीच्या दुकानांत फिरू नका. गोव्यात मालिम, कुटबण, वास्कोच्या खारीवाड्याजवळ जिथे होड्यांना फायबर मारतात, तिथे चौकशी करा. त्या कारागिरांना हे सामान रोज लागतं आणि कुठलं मॅट ओलं निघतं हेही त्यांना ठाऊक असतं. फक्त त्यांच्या हाताची सवय होडीची, म्हणजे जाड थरांची. आपली बॉडी अर्धा मिलिमीटर जाडीची.

प्लग

बाजूचं चित्र ४ मिमी प्लायवर उतरवून कापा. हा प्लगचा कणा. त्याच्या दोन्ही बाजूंना एक्सपीएसचे तुकडे चिकटवा, बेसबोर्डवर उभं करा. फेव्हिकॉलने पूर्ण पृष्ठभाग चिकटवला तर आतला गोंद आठवडाभर वाळत नाही, कारण फोममधून हवा जात नाही. इपॉक्सीचे ठिपके किंवा पीयू गोंद वापरा.

दर ६० मिमीला आडव्या छेदाचा अर्धा टेम्प्लेट पुठ्ठ्याचा कापा. एकच टेम्प्लेट डावीकडे आणि उलटवून उजवीकडे लावायचा. दोन वेगळे कापले की गाडी तिरकी होते आणि ते रंग लागेपर्यंत दिसत नाही. हॅक्सॉ ब्लेडने मोठे तुकडे उडवा, मग ३०० मिमी लांबीच्या लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पेपर लावून घासा. हाताने पेपर धरून घासलं तर बोटांचे खळगे पडतात. कण्याचं प्लाय दिसायला लागलं की थांबा. प्लाय कडक, फोम मऊ. पुढे घासत राहिलात तर फोम झिजतो आणि मधोमध शिरा वर येते. बाजूच्या भिंती तळाकडे २-३ अंश बाहेर उतरत्या ठेवा, नाहीतर प्लग साच्यातून निघणार नाही. चाकांचे गाळे प्लगवर कापू नका, ते शेवटी शेलवर कापायचे.

आता सगळ्यात जास्त प्लग जिथे वाया जातात ती पायरी. पॉलिस्टर रेझिन आणि पॉलिस्टर पुट्टी या दोन्हींतलं स्टायरीन फोम विरघळवतं. म्हणून आधी इपॉक्सीत भिजवलेला १०० जीएसएम ग्लास क्लॉथचा एक थर पूर्ण प्लगवर चढवा, वाळल्यावर इपॉक्सीचा आणखी एक हात, आणि मग टॉर्च तिरकी धरून एक-एक वीत तपासा. टाचणीएवढं भोक राहिलं तरी पुट्टीतलं स्टायरीन त्यातून आत शिरतं आणि फोम आतल्या आत खातं. वरून काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी साच्यासाठी मॅट दाबताना अंगठा आत जातो, तेव्हा कळतं.

त्यावर पुट्टी, १२० आणि २२० पेपर, राखाडी प्रायमर. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा उडता फवारा मारून ४०० च्या पेपरने पाणी लावत घासा. काळं जिथे राहिलं तिथे खळगा, जिथे लगेच गेलं तिथे उंचवटा. हे चार-पाच वेळा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण साचा प्लगची प्रत्येक ओरखड जशीच्या तशी उचलतो. शेवटी १००० पर्यंत.

साचा

मेणाचे सहा हात, प्रत्येकामध्ये तासभर. त्यावर पीव्हीएचा पातळ थर. पावसाळ्यात पीव्हीए वाळत नाही, चिकट राहतं आणि जेलकोट त्याला धरून बसतो. जून ते सप्टेंबर हे काम एसीच्या खोलीत करा किंवा गणपतीनंतरच्या उन्हांची वाट बघा.

जेलकोट अर्धा मिमी. बोट लावलं तर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, त्या वेळी ३०० जीएसएम मॅटचा पहिला थर. त्याआधी घातलात तर मॅटचे धागे जेलकोटमधून उमटतात. पहिला थर घट्ट झाल्यावर ४५० चे दोन थर. बाहेरून लाकडी पट्ट्यांचे पाय फायबरने जोडा, नाहीतर साचा टेबलावर ठेवल्यावर पिळतो.

पॉलिस्टरमध्ये हार्डनर म्हणजे एमईकेपी, एका किलोला १० ते २० मिलि. मे महिन्यात १० पुरेसं. त्याचा प्रवेगक कोबाल्ट वेगळा मिळत असेल तर आधी तो रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग ते रेझिन दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात एमईकेपी मिसळा. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही ओतायचं नाही, भडका उडतो. दोघांचे चमचे वेगळे, बाटल्या वेगळ्या कपाटात. एमईकेपी डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, तेव्हा गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका. स्टायरीनच्या वासासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क, घासताना धुळीसाठी एन-९५.

साचा ४८ तास प्लगवरच राहू द्या. मग कडेने प्लास्टिकच्या पाचरी ठोकत कोमट पाणी सोडा, पीव्हीए विरघळतं. प्लग तुटला तरी चालेल. साचा हाती आला की प्लगचं काम संपलं. एकदाच वापरायच्या बॉडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण वेगात पळणारी बॉडी खर्चाची वस्तू आहे, हंगामात दोन-तीन तरी फुटतातच. साचा असला की पुढची बॉडी एका संध्याकाळचं काम.

शेल

क्लॉथ आधी कापून ठेवा: पूर्ण बॉडीला २०० जीएसएमचे दोन थर, नाकाच्या पहिल्या १२० मिमीला आणि माउंटच्या जागांना तिसरा. एक थर सरळ धाग्यांचा, दुसरा ४५ अंशांत तिरका, म्हणजे शेल पिळत नाही. बॉडीचा पृष्ठभाग सुमारे ०.२ चौरस मीटर. दोन थरांचं कापड ८० ग्रॅम, तितकंच किंवा थोडं जास्त रेझिन, रंग आणि जोडकाम धरून २५० ग्रॅमच्या आसपास बॉडी उतरायला हवी. ३५० झाली तर रेझिन तुंबलंय असं समजा. ते वजन ताकद देत नाही, नुसतं तडकतं.

इपॉक्सी वजनावर मोजा, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवण्याची युक्ती पॉलिस्टरला चालते, इपॉक्सीला नाही. जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि बॉडी रबरासारखी होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावरची ३० मिनिटं २५ अंशांची असतात. ३५ अंशांच्या दुपारी पंधराच मिळतात, आणि खोल कपात १५० ग्रॅम एकदम कालवलं तर दहा मिनिटांत कप धूर सोडतो. एका वेळी ६० ग्रॅम, पसरट ताटलीत.

साच्याच्या सगळ्या आतल्या कोपऱ्यांत, विशेषतः नाकाच्या कडेत, आधी मायक्रोबलून कालवलेली इपॉक्सी भरून गोलाई द्या. काचेचं कापड काटकोनात बसत नाही, पूल बांधतं. खाली पोकळी राहते आणि पहिल्या खड्ड्याला नाकाची कड बिस्किटासारखी मोडते. मग पहिला थर, केस आखूड कापलेल्या ब्रशने टोचत. पांढरे ठिपके दिसतात तिथे हवा आहे. दुसरा थर चढवून वर पील प्लाय (वाळल्यावर सोलून काढायचं कापड) दाबा, जास्तीचं रेझिन त्यात येतं.

कार्बनचा मोह होतो. कडांना, आतून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या जरूर द्या. पण पूर्ण बॉडी कार्बनची केलीत तर ती २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवते आणि दोनशे मीटरवर गाडी कोणाचीच राहत नाही. तशी करायचीच असेल तर ॲन्टेनाचं टोक बॉडीबाहेर काढा.

दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट, ओशट थर येतो. तो तसाच घासला तर पेपर भरतो आणि रंग सुटतो. आधी साध्या पाण्याने, भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, पुसा, मग पेपर.

शेल साच्यातच असताना त्याला ऊब द्या: पुठ्ठ्याचं मोठं खोकं, आत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, ५० अंशांच्या आसपास पाच तास. बल्ब पुठ्ठ्यापासून वीतभर दूर, खोक्याला वाफ जायला भोक, आणि कोणीतरी घरात जागं. हे केलं नाही तर खोलीच्या तापमानाला वाळलेली बॉडी एप्रिलमध्ये बंद कारच्या डिकीत मऊ पडते आणि नाक खाली-वर वळतं. त्याच कारणाने रंग पांढरा किंवा पिवळा. काळी बॉडी उन्हात किती तापते ते हात लावला की कळतं.

कापणं, बसवणं, हवा बाहेर काढणं

चाकांचे गाळे डायमंड डिस्कने, पाणी शिंपडत कापा. टायरपासून किती अंतर? १६० ला ६२ मिमीचं चाक मिनिटाला १३,७०० फेऱ्या मारतं. परिघावरच्या एका ग्रॅम रबराला साडेसहा किलोची ओढ लागते. साधे रबरी टायर त्या ओढीने फुगतात, उंच आणि अरुंद होतात. रबर असेल तर वर ८ मिमी सोडा. फोमचे किंवा आत पट्टा घातलेले टायर असतील तर ४ पुरे. गाळ्यात आतून काळा घासलेला पट्टा दिसला तर अंतर कमी पडलं.

बाजूंना १ मिमी पॉलीकार्बोनेटच्या पट्ट्यांचे स्कर्ट, जमिनीपासून ३ मिमी, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेले. ते झिजतात, तुटतात, बदलायचे. मागची बाजू मात्र उघडी. गाळ्यांतून आणि तळातून हवा आत येतच राहते; तिला वाट नसेल तर बॉडी फुग्यासारखी ताणते. शेपटीच्या कापलेल्या भिंतीत जमेल तेवढी जाळी ठेवा. मोटर आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) थंड हवा म्हणून पुढे भोकं पाडायची गरज बहुतेक वेळा नसते, पळणं दहा-पंधरा सेकंदांचं. फारच तापत असेल तर २० मिमी रुंदीचा एक नाका डक्ट (NACA, पृष्ठभागात बुडवलेलं हवेचं तोंड), आणि बाहेर पडायची जागा त्याच्या किमान दुप्पट.

क्लिपा आणि चुंबकं विसरा. नाकाला आतून २.५ मिमी ग्लास-इपॉक्सीची प्लेट चिकटवा आणि बंपरला दोन एम-३ स्क्रूंनी धरा. बाजूंना दोन-दोन, मागे दोन. नाकाच्या भिंतीमागे फोमचा ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर समोरचा दोन किलोचा दाब भिंत आत ढकलतो. मग परीक्षा: चॅसी टेबलाला क्लँप करा, रुंद कापडी पट्टा बॉडीच्या खालून घालून सामान तोलायच्या काट्याने वर ओढा. सहा किलोला बॉडी हलली किंवा करकरली तर माउंट वाढवा.

घाईत असाल आणि दुकानातली लेक्सन बॉडीच वापरायची असेल तर निदान नाक आतून जिप्समच्या सांध्यांवर लावतात त्या जाळीच्या टेपने आणि बूट चिकटवायच्या जाड गोंदाने मढवा. ताशी १२० पर्यंत ठीक.

पळवून बघणं

१६० गाठायला आणि थांबायला मिळून ३५० मीटर सरळ, गुळगुळीत, बंद रस्ता लागतो. सार्वजनिक रस्ता नाही. तीन किलोचं हे प्रकरण माणसाच्या पायाला लागलं तर हाड राहत नाही. मालकाच्या परवानगीने रविवारी एखाद्या कारखान्याचा आतला रस्ता, दोन्ही टोकांना माणूस उभा. गुरं कुठून येतील ते सांगता येत नाही. वेळ सकाळची: ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी तो आडवा लागतो. थंडीत मात्र सत्तरी-सांगेकडे दंवाने डांबर आठ-साडेआठपर्यंत ओलं असतं, तेही बघा.

पहिल्या फेऱ्या ८० च्या. नाकाच्या तळाला मार्करने काळी रेघ मारा. फेरीनंतर ती मधोमध आणि दोन्ही टोकांना सारखी खरवडलेली दिसली तर नाक सपाट बसतंय. एकाच टोकाला गेली तर बॉडी तिरकी. अजिबात गेली नाही तर नाक वर राहतंय, ड्रूप पुन्हा तपासा. वीस-वीसने वेग वाढवा, प्रत्येक पायरीला दोन्ही दिशांनी फेरी घ्या, आणि रेघ पुन्हा काढा.

हवा बॉडी कुठे सोडते ते बघायला काव उत्तम. बारीक चाळलेली काव, रॉकेल तीन भाग, शिलाई मशीनचं तेल एक भाग, पातळ कालवून पांढऱ्या बॉडीवर ठिपके मारा आणि ८० च्या दोन फेऱ्या घ्या. खोबरेल वापरू नका, थंडीच्या सकाळी ते थिजतं. ठिपके जिथे लांब सरळ रेघा झाले तिथे हवा चिकटून आहे. जिथे ठिपका जागेवरच राहिला किंवा उलटा पुढे सरकला, तिथे ती सुटली. बहुतेक पहिल्या बॉड्यांत ही जागा उंचवट्यामागे, शेपटीच्या अलीकडे सापडते. साचा असल्याने दुरुस्ती सोपी: शेलवर पुट्टीने उतार लांबवा, पुन्हा काव मारा, जमलं की तोच फरक साच्यात उतरवा.

दोन बॉड्यांत कोणती बरी हे जास्तीत जास्त वेगावर ठरवू नका, त्यात बॅटरीचा दम मिसळतो. १० हर्ट्झचा जीपीएस लॉगर लावा, १०० ला थ्रॉटल सोडा, ब्रेक शून्य, आणि ८० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी तीन-तीनदा मोजा. चॅसी, टायर आणि वजन तेच असेल तर जो फरक उरतो तो बॉडीचा. जास्त वेळ लागला ती बॉडी ठेवायची.

साचा ठेवून देताना त्याला मेणाचा एक हात द्या आणि एक जुना शेल आत बसवून ठेवा. चार महिने पावसाळी हवेत रिकामा उभा राहिलेला साचा कडांनी आत वळतो, आणि दिवाळीनंतरची पहिली बॉडी चॅसीवर दोन मिमी अरुंद निघते.